साखरेचं पापलेट

साखरपुड्याच्या दिवशी सकाळी आनंदा कोळ्याने बायकोला, भामाला, बजावलं, "परातीवरचं ओलं फडकं कुनी उचलायचं नाय. आनि खाली काय हाय ते कुनाला सांगायचं बी नाय. वक्ताला मी सोता भायेर आनीन."

भामाने मान डोलावली. फडक्याखाली साखरेचं पापलेट होतं.

पनवेलच्या कोळीवाड्यात हाताला मासळीचा वास न येणारा आनंदा हा एकटाच कोळी. बाप गेल्यावर त्याने होडी विकली आणि मुंबईला फोर्टातल्या एका केकच्या दुकानात लागला. साहेब लोक देशातून गेले, पण त्यांचे केक मागे राहिले होते. तिथे तो फाँडंट करायला शिकला. साखरेचा पाक उकळून संगमरवरी फरशीवर ओतायचा, लाकडी उलथन्याने घोटत राहायचा आणि पांढरा पडला की कणकेसारखा मळायचा. मग त्याचं हवं ते करा. आनंदा त्याचे गुलाब करी, बाहुल्या करी, राजहंस करी. कोळीवाड्यात मात्र त्याला सगळे 'आचारी' म्हणत. तो हसण्यावारी नेई, पण ते त्याला लागे. म्हणून मुलीच्या, दमयंतीच्या, साखरपुड्याला त्याने गुलाब न करता पापलेट केलं होतं. कल्ल्याची रेघ, दुभंगलेली शेपटी, डोळ्याच्या जागी काळी मनुका आणि अंगभर चांदीचा वर्ख. हात साखरेत असला तरी माणूस कोळीच आहे, हे व्याह्यांना दिसायला हवं होतं.

व्याही करंजाहून आले. मुलगा कमळाकर खाली मान घालून बसला. त्याचे वडीलही गप्पच बसले, कारण त्या घरात बोलायचं काम त्याच्या आईकडे, गंगाबाईंकडे होतं. उभा जन्म बाजारात मासळी विकलेली बाई. साखरेचा पुडा मांडीवरून न हलवता त्यांनी घर न्याहाळलं, मग पुडा काखेत मारून पाणी प्यायच्या निमित्ताने बहिणीला, वेणूला, घेऊन आत गेल्या. तिथे ओल्या फडक्याखाली परात दिसली. ओल्या फडक्याखाली काय असतं, हे गंगाबाईंना कुणी सांगायला नको होतं. त्यांनी फडकं उचललं आणि अंगठा आपसूक माशाच्या पोटावर गेला.

ताजी मासळी दाबली की मांस लगेच वर येतं. हे आलं नाही. खड्डा पडला तो पडलाच.

"वेणू, बग गं."

वेणूने शेजारी दाबून पाहिलं. आता खड्डे दोन झाले.

"डोला तं ताजा दिसतोय," वेणू पुटपुटली, "पन आंग मऊ पडलंय. आनि चिकाट."

"वास बी नाय. बरफातलं हाय!"

एवढ्यात भामा आली. गंगाबाईंनी घाईने फडकं टाकलं. "इहीनबाय, म्हावरं कदीचं?"

भामाने जीभ चावली. काय आहे ते सांगायचं नव्हतं, पण कधीचं ते सांगायला नवऱ्याची बंदी नव्हती.

"गुरवारचं. मुंबैवरनं आनलंय," ती अभिमानाने म्हणाली. "तुमी काय बी काळजी करू नका. म्हयनाभर खराब व्हायचं नाय!"

गंगाबाई पाणी न पिताच बाहेर आल्या. मग करंजाच्या बायकांना एकाएकी तहान लागली. मासळीच्या बाबतीत दुसरीच्या अंगठ्यावर विसंबणारी त्यांच्यात एकही नव्हती. शेवटी वेणूने शेपटीचा तुकडा मोडून मांजरापुढे टाकला. मांजराने हुंगला आणि शेपूट वर करून ते निघून गेलं.

"मांजार बी त्वांड लावंना," वेणूने बाहेर येऊन सांगितलं. निकाल लागला.

गंगाबाई पुड्यासकट उठल्या. "येतो आमी."

"अवो, झालं काय?" आनंदा गडबडला.

"साखरपुड्याला बरफातलं शिलं म्हावरं रांधतात, त्या घरची पोर माज्या टोपलीला काय हात लावनार?"

दारामागे उभ्या दमयंतीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. कमळाकर तिला मनापासून आवडला होता. आनंदा धावत आत गेला, परात घेऊन आला आणि सगळ्यांसमोर त्याने फडकं काढलं. पापलेटाला जागोजागी खड्डे पडले होते, वर्ख बायकांच्या पदरांना लागला होता आणि शेपटी तुटली होती. तीन रात्रींचं काम होतं ते.

आणखी चार शब्द सुनावायला गंगाबाई वाकल्या आणि तशाच थबकल्या. तुटक्या शेपटीवर मुंग्यांची रांग लागली होती.

"म्हावऱ्याला मुंग्या?"

उभ्या जन्मात त्यांनी मासळीवरच्या माश्या हाकल्या होत्या. मुंगी कधी पाहिली नव्हती. त्यांनी माशाला लावलेला अंगठा हळूच जिभेला लावला.

"साखर?"

आनंदाने मान हलवली.

"तुमी केलंव?"

"हो."

गंगाबाईंनी पापलेटाचा मनुकेचा डोळा निरखून पाहिला. "म्हावऱ्यात मला आजवर कुनी फसवलं नव्हतं," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "हे काम कोल्याच्या हातचंच हाय." आणि दमयंतीला पुढे बोलावून त्यांनी साखरेचा पुडा तिच्या ओंजळीत ठेवला.

आनंदाने सवयीने ओला चमचा घेतला आणि एकेक खड्डा सारखा करू लागला.

"ऱ्हाऊ द्या ते," गंगाबाई म्हणाल्या. "लगनाला एक सुरमई करा. पन जरा कडक ठेवा. आमचं वऱ्हाड दाबल्याबिगर ऱ्हायचं नाय."

आनंदाने चमचा खाली ठेवला, डोळे पुसले आणि खड्ड्यांसकट पापलेट कापायला घेतलं.