खालनं ये, मेल्या!

टीव्हीवरच्या खेळातला माझा बाहुला चुकीच्या वाटेने परत आला, की जुबेदाखाला माझ्या पाठीत धपका घालत. हात वाटणाने भरलेला असला तरी. माझे चांगले सदरे त्यात पिवळे झाले, पण मी पडलो भाडेकरू. बोलणार काय, कपाळ!

गोष्ट दोन हजार दोन-तीनच्या सुमाराची. मी मूळचा देवरूखचा. नोकरी रत्नागिरीत, म्हणून खालांच्या माडीवर राहत होतो. खाला म्हणजे मावशी, सगळा मोहल्ला त्यांना तेच म्हणे. त्यांचा नवरा बोटीवर होता, तो वारलेला. एकुलता एक मुलगा अनीस नुकताच नोकरीला कुवेतला गेलेला. त्याच्या मामाने दुबईहून त्याला टीव्हीला जोडायचे खेळाचे मशीन आणून दिले होते, ते मागे राहिले आणि खालांनी ताब्यात घेतले.

"खाऱ्या हवेनं मशीन गंजतं. चालू ठेवायला पायजे," म्हणाल्या.

चालू ठेवायला दुसरा खेळाडू लागतो. तो माडीवर आयताच होता. संध्याकाळचा चहा मला टीव्हीसमोर बसल्याशिवाय मिळेनासा झाला.

खेळ असा: हवेत तरंगणारा एक चौथरा, त्यावर दोन बाहुले मारामारी करणार. एकाने दुसऱ्याला ढकलून द्यायचे. ढकललेल्याला उडी मारून परत यायला एक संधी मिळते. तो वरून येऊ शकतो, सरळ येऊ शकतो, किंवा खालून येऊन चौथऱ्याचा काठ पकडू शकतो. मी नेहमी वरून यायचो. खालांचा जाड्या बाहुला खाली वाट बघत उभाच असायचा.

"वरनं येतंस? वरनं आंबा येतो, तो फुटतो! खालनं ये, मेल्या! भिंतीला चिकटून ये, कोणाला दिसू नको, काठ धर!" आणि धपका.

बरं, हे टीव्हीपुरते असते तरी मी सोसले असते. पण मी रजा मागायला निघालो तरी, "सायबाकडे सरळ जाऊ नको, देवरूखवाल्या. शिपायाला धर. खालनं जा." मासळी घ्यायला, लाइट बिल दुरुस्त करायला, सगळीकडे खालूनच. आणि संताप याचा, की काम व्हायचे!

मग काही महिन्यांतच कळले, की अनीस परत आलाय. एजंटाने गोदामात काम सांगून दगड वाहायला लावले आणि शेवटी कंपनीच बुडाली. पण पोरगा घरी येईना. मुंबईत गावच्या जमातीने येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी ठेवलेल्या खोलीवर पडून राहिला. कारण एकच, खोके नव्हते. आमच्या मोहल्ल्यात आखातातून येणारा गाडी करून यायचा. टपावर दोरीने बांधलेले खोके, आत ब्लँकेटे, साबण, अत्तर. खोके उतरताना सगळी आळी जमायची आणि कोणाला काय मिळाले याची चर्चा महिनाभर चालायची. रिकाम्या हाताने कोणी आलेच तर लोक त्याला तोंडावर काही म्हणत नसत. नुसते विचारत.

शेजारच्या हमीदाभाभी तेच करायच्या. "जुबेदा, अनीसचे खोके कधी येनार गो?" इतक्या गोड आवाजात, की मला उठून त्यांच्या अंगावर धावून जावेसे वाटे. खाला घरात येऊन खेळाची बटणे इतक्या जोराने दाबत, की एक तुटून खाटेखाली गेले. जेवण जवळजवळ सुटले होते. हा पोरगा असाच शरमेने मुंबईत कुजणार, या एका भीतीने त्या वाळत चालल्या होत्या.

एका रविवारी फोन आला. मी समोरच होतो, पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. अनीस म्हणत होता, रात्रीच्या गाडीने येतो, स्टँडच्या आधी उतरतो, मागच्या गल्लीतून मागीलदारी येतो. कोणाला दिसणार नाही. मला वाटले, वा! आईचा पक्का चेला!

खाला ताडकन उठल्या.

"खालनं? चोरासारका? तो खेळातला बाहुला हाय, तू माजा पोर हायस! दिवसाढवळ्या ये. सरळ रस्त्यानं ये. काठावर मारायला कोण उभा ऱ्हातो, ता मी बघतंय!"

आणि फोन आपटला.

दोन दिवसांनी सकाळी त्या ठेवणीतली ओढणी घेऊन एसटी स्टँडवर गेल्या. मलाही ओढत नेले. अनीस उतरला, खांद्याला एक पिशवी, मान खाली. मिठी नाही, काही नाही. "बटन लाव शर्टाचं," म्हणाल्या आणि त्याचे मनगट धरून निघाल्या. मी रिक्षा थांबवली, तर माझ्यावरच खेकसल्या. भर बाजारातून, रस्त्याच्या मधोमध चालत. दुकानांतून माना बाहेर येत होत्या आणि खालांची नजर पडली की आत जात होत्या.

हमीदाभाभी दारातच होत्या. "आला काय? काय आनलंन गो?"

"सोताला आनलंन!" खाला गरजल्या. "हातपाय धड हायत. ये, मोजून घे!"

भाभींनी दार लावून घेतले.

घरात आल्यावर आता पोराची धडगत नाही असे मला वाटले. खालांनी त्याला खाटेवर बसवले आणि त्याचे तळहात उलटे करून बघितले. दगडांनी सोलवटून जाड झालेले हात. त्या उठल्या, खोबरेल तेलाची वाटी घेऊन आल्या आणि चोळायला बसल्या. चोळता चोळता शिव्या देत होत्या, एजंटाला, कंपनीला, अख्ख्या कुवेतला. वाटीतले तेल संपले तरी चोळतच होत्या.