मल्हाररावांच्या यानाचं थ्रॉटल

"येत्या रविवारपासून आमची शालू मला ओढणार नाय. मीच तिला ओढीन! अख्ख्या आभाळातून ओढीन!"

ही घोषणा मल्हाररावांनी सिडकोतल्या बागेच्या कट्ट्यावर, भर संध्याकाळी, चारचौघांत केली. चारचौघांतले तिघे फिरायला आलेले परके लोक होते. ते दचकून पुढं सरकले. उरला एकटा कचरू. कचरू म्हणजे मल्हाररावांचा शेजारी, एसटीचा रिटायर ड्रायव्हर. आपल्याला न कळणारी गोष्ट जगात अजून तयार व्हायचीय, असं त्याचं स्वतःबद्दल प्रामाणिक मत होतं.

"पण पोरगी तुम्हाला ओढती कामून?" त्यानं विचारलं.

आता हे जरा सांगायला पाहिजे. बायको बानाबाई गेल्यापासून मल्हारराव त्या दोन खोल्यांत एकटेच. लेक शालू जर्मनीत. रोज फोन यायचा, नाही असं नाही. पण फोन कसा? "आबा, जेवलात?" "जेवलो." "गोळी घेतली?" "घेतली." "बरं मग." "बरं." खलास! पोलीस चौकीत हजेरी लावावी तसा कारभार. मल्हाररावांच्या पोटात बोलायचं खूप असायचं, पण पोरगी कामात, तिचा वेळ कशाला खायचा, म्हणून ते ओठ मिटून घ्यायचे. आणि मग रात्रीपर्यंत त्या घरात प्रेशर कुकरशिवाय कुणी आवाज करायचं नाही.

मागच्या खेपेला शालू आली, तेव्हा आपला जुना कॉम्प्युटर ठेवून गेली आणि त्यावर एक खेळ घालून गेली. अवकाशात यान उडवायचं, या तळावरून त्या तळावर माल पोचवायचा. रविवारी तिच्याकडे दुपार असते अन् आपल्याकडे संध्याकाळ. तेवढ्यात दोघांनी कानाला हेडफोन लावून सोबत उडायचं. कल्पना फक्कड होती! पण मल्हारराव कीबोर्डवर एक अक्षर शोधेपर्यंत त्यांचं यान तीन गिरक्या घ्यायचं. शेवटी शालू यायची, आपल्या यानाला त्यांचं यान अडकवायची आणि बंद पडलेला टेम्पो ओढावा तसं ओढत न्यायची. दर रविवारी! मल्हाररावांना त्याची भारी लाज वाटायची. पोरीनं कंटाळून एक दिवस येणंच बंद केलं तर? ही धास्ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती, पण तिच्यापायी त्यांना जेवण जात नव्हतं.

"जॉयस्टिक घेणार," त्यांनी कचरूला सांगितलं. "आन् डाव्या हाताला थ्रॉटल. वेगाचा दांडा. चितेगावच्या कंपनीत उभी हयात फोर्कलिफ्ट चालवली मी! दांड्याचं काम मला कुणी शिकवायचं नाय."

"मी येतो संगं," कचरू म्हणाला. "गिअरची पारख लागंल ना!"

कॅनॉटच्या गल्लीत प्रणयचं कॉम्प्युटरचं दुकान. प्रणय पोरगा मोठा सज्जन. त्यानं तीन-चार नमुने काउंटरवर मांडले आणि समजवायला लागला. "हे बघा काका, काही लोक दोन्ही हातांत स्टिकच घेतात. एकीनं नाक फिरवायचं, दुसरीनं यान आडवं सरकवायचं. तुमच्यासाठी एक स्टिक, एक थ्रॉटल, हेच बरं. थ्रॉटलला मधे खाच पाहिजे. खाचेच्या पुढं ढकललं की यान पुढं, मागं ओढलं की मागं."

"म्हंजे रिव्हर्स हाय!" कचरू हरखला. "अन् हॉर्न?"

"अवकाशात हॉर्न नसतो काका."

"मग ओव्हरटेक कसं करायचं?"

प्रणयनं हे नम्रपणे ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मल्हाररावांचं तिकडं लक्षच नव्हतं. त्यांचं मेंढरांचं घराणं. बापजाद्यांनी बाजारात मेंढे पारखले, तेच रक्त. त्यांनी एकेक जॉयस्टिक शिंगाला धरावं तशी धरली, इकडून हिसडली, तिकडून हिसडली, बुडाखाली हात घालून वजन पाहिलं. एक सडपातळ होती, ती नापास. एक हिसडल्याबरोबर काउंटरवर सरकली, तीही नापास. तिसरी मात्र जाडजूड, बसक्या बुडाची, मुठीत भरून येणारी. तिच्यासोबतचं थ्रॉटलही तसंच, भरीव.

"ही द्या! ही ठाम उभी ऱ्हाती."

"काका, ती नक्को," प्रणय म्हणाला. "ती आतून घासून चालते. ही सडपातळ वाली लोहचुंबकावर चालते, तिला काही होत नाही. तुम्ही निवडलेलीच्या आत जरा धूळ गेली की वेडंवाकडं करते. झाकून ठेवावी लागते."

"धूळ?" मल्हाररावांना रागच आला. "बानाबाईचं घर हाय ते! आजबी दोन टाइम झाडतो मी. माझ्या घरात धूळ घावली तर मिशी काढीन!"

झालं. जाडजूड जोडी घरी आली. मल्हाररावांनी टेबलावर डावीकडं थ्रॉटल, उजवीकडं स्टिक असं घट्ट कसलं, वरून बानाबाईच्या जुन्या साडीचा तुकडा झाकला. आठवडाभर धुळीचा एक कण त्यावर बसला असेल तर शपथ! येता-जाता ते साडी उचलून बघायचे आणि पुन्हा झाकायचे.

रविवार उजाडला. संध्याकाळी कचरू नारळ घेऊनच आला.

"नवी गाडी हाय. नारळ नाय फोडला तर पंक्चर ठरल्यालं!"

"आरं पाणी जाईल ना आत! अक्कल हाय का?" मल्हाररावांनी नारळ काढून घेतला. "हे नाजूक मशीन हाय. हितं सांभाळून वागायला पायजे."

असं म्हणून ते देव्हाऱ्यापाशी गेले. नवीन वस्तू घरात आली आणि तिच्यावर खंडोबाचा भंडारा पडला नाही, असं त्यांच्या सात पिढ्यांत झालं नव्हतं. फोर्कलिफ्टवर टाकला होता, कुकरवर टाकला होता, शालूच्या पासपोर्टवरसुद्धा टाकला होता! त्यांनी दोन्ही मुठी भरल्या, साडीचा तुकडा बाजूला केला आणि "येळकोट येळकोट जय मल्हार!" म्हणून जी उधळण केली, की स्टिक, थ्रॉटल, टेबल, कचरूचा चष्मा, सगळं हळदीचं पिवळंजर्द!

"धूळ जाऊ द्यायची नाय म्हणला होता ना तो पोरगा?" कचरू चष्मा पुसत म्हणाला.

"भंडारा म्हंजे धूळ व्हय रे?" मल्हारराव कडाडले.

कचरूनं चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

शालू आली. हेडफोनमधून तिचा आवाज आला आणि मल्हाररावांचा चेहरा उजळला. "आबा, तयार? आज ओढू का आधीपासूनच?"

"आज फक्त बघत ऱ्हा!"

त्यांनी थ्रॉटल पुढं ढकललं. यान तळावरून असं उचललं गेलं, की लोण्यातून सुरी! डावं वळण, उजवं वळण, एक गिरकी, तीही मुद्दाम घेतलेली. "आबा! अहो काय हे! भारीच!" शालू ओरडली. मल्हाररावांची छाती फुगली. बानाबाई असती तर पदर तोंडाला लावून हसली असती, असं त्यांच्या मनात आलं. डोळे जरा ओले झाले. त्यांनी ते पुसायला हात उचलला आणि परत थ्रॉटलवर ठेवला.

पुढं माल उतरवायचा तळ दिसायला लागला. वेग कमी करायला त्यांनी थ्रॉटल मागं ओढलं. वेग वाढला. आणखी ओढलं. आणखी वाढला! पार मागं ओढलं, तर यान पिसाळल्यासारखं सुटलं!

"आबा, हळू!"

"हळूच करायलो! आयकंना हे!"

"ब्रेक दाबा, ब्रेक!" कचरू टेबलाखाली पाय आपटायला लागला.

"आभाळात कुठला ब्रेक!"

"हँडब्रेक तरी?"

समोर तळाच्या तोंडाशी दहा-पंधरा परदेशी यानं शिस्तीत रांग लावून उभी. मल्हाररावांच्या तोंडून आपोआप रानातली हाक बाहेर पडली. "हुर्रर्र! हो बाजूला! हो!" मेंढरं ऐकतात, यानं कशाला ऐकतील? धाड, धाड, धाड! हेडफोनमध्ये जगातल्या सगळ्या भाषांतल्या शिव्या ऐकू यायला लागल्या. अर्थ कळत नसला तरी भावना पोचत होत्या. "सॉरी भाऊ! सॉरी मालक!" मल्हारराव प्रत्येकाला मराठीत समजावत होते. माल सांडला, तळाचा एक खांब वाकला आणि यान पलीकडून बाहेर!

तेवढ्यात कचरूचा एसटीतला अनुभव कामी आला. त्यानं खाली वाकून थ्रॉटलची वायरच उपटली.

"बंद केलं!" तो विजयी मुद्रेनं म्हणाला.

पण आभाळात एकदा सुटलेली वस्तू वायर उपटून थांबते थोडीच? यान होतं त्याच वेगानं अंधारात चाललं होतं. मागं तळ पणतीएवढा झाला, मग तोही दिसेना. इंधन संपलं. पुढं काही नाही. मागं काही नाही.

"शालू," मल्हारराव बारीक आवाजात म्हणाले, "मी कुठं हाय गं?"

"फार लांब गेलात, आबा. आता कशालाच हात लावू नका. मी येते. पण वेळ लागेल हं, बराच."

"भाकरीची येळ झाली," असं म्हणून कचरू हळूच सटकला. नारळ मात्र घेऊन गेला.

राहिले बापलेक. तो काळा पडदा आणि एकमेकांचे श्वास. दोघांनाही करण्यासारखं काहीच नव्हतं. पोरगी यान घेऊन येतच होती, बाप वाहवत चाललाच होता. जेवणाचं विचारून झालं, गोळीचं विचारून झालं, आणि हेडफोन काही काढता येईना!

मग शालू बोलायला लागली. ऑफिसात दुपारी ती एकटीच जेवते म्हणाली. घरात शांतता नको म्हणून रेडिओ लावून ठेवते, भाषा अर्धीच कळते, पण कुणीतरी बोलत असतं. आईसारखा ठेचा करून पाहिला, तर खालच्या मजल्यावरची म्हातारी खोकत वर आली. मल्हारराव हसले. मग तेही बोलले. म्हणाले, "मी अजून दोन भाकरी थापतो बघ. हाताला सवयच हाय. एक उरती." आणि थोड्या वेळानं, आवाज सरळ ठेवत, "मला लई एकटं वाटतं शालू. तुला सांगायचं नव्हतं."

"मलापण, आबा," शालू म्हणाली.

बऱ्याच वेळानं तिच्या यानाचा दिवा अंधारात दिसला. मल्हाररावांना वाटलं, अजून थोडं लांब असती तरी चाललं असतं.

"आबा, खरं सांगा," ओढून नेताना ती म्हणाली. "त्यावर भंडारा नाही ना टाकलात?"

"जरासा."

"जरासा म्हणजे?"

"दोन मुठी."

ती एवढी हसली, की तिचंच यान वाकडं गेलं.

दुसऱ्या दिवशी प्रणयनं थ्रॉटल उघडून वर्तमानपत्रावर झटकलं, तर हळदीचा ढीग! "काका, धूळ जाऊ द्यायची नाही म्हणलो होतो ना!" "धूळ कुठं हाय त्यात?" मल्हारराव म्हणाले. प्रणयनं कपाळाला हात लावला, हवा मारून सगळं स्वच्छ केलं आणि परत बसवून दिलं.

आणि मग घोटाळा झाला तो खरा. पुढच्या रविवारी मल्हारराव उडाले ते अगदी झकास! एक चूक नाही. माल पोचवला, रांगेत उभे राहिले, यान तळावर पापणी मिटावी तसं टेकवलं. शालूला आनंद आवरेना.

"आबा, तुम्ही तर पक्के पायलट झालात! आता तुम्हाला ओढायची काही गरजच नाही. मला काळजीच होती. इथल्या काही मुली रविवारी डोंगरात फिरायला जातात, मी त्यांना नाहीच म्हणत होते. आता जाते. तुम्ही बिनधास्त एकटे उडा!"

"जा की," मल्हारराव म्हणाले. "मोकळ्या हवेत जावंच माणसानं."

हेडफोन काढला तर कुकरसुद्धा गप्प होता. स्वतःच्या हातानं, स्वतःच्या पारखीनं, एवढा भक्कम दांडा आणून त्यांनी पोरगी घालवली होती! त्या जाडजूड स्टिककडं बघून त्यांना तिचा रागच आला.

त्यानंतरच्या रविवारी संध्याकाळी ते नेहमीप्रमाणं खुर्चीत बसले. हेडफोन लावला. पलीकडं कुणी नव्हतं. थोडा वेळ त्यांनी तळावरची येणारी-जाणारी यानं पाहिली. मग फोन उचलला.

"शालू! अगं, थ्रॉटल परत अडकलं! यान सुसाट सुटलंय! तळ गेला मागं, काय बी दिसंना! इंधन बी संपत आलं! काय करू गं?"

पलीकडं वारा होता, पोरींचं हसणं होतं. मग ते हसणं लांब गेलं. शालू बाजूला आली असावी.

"आबा," ती हळू म्हणाली, "मला इथं फोनवर खेळातलं सगळं दिसतं हो. तुमचं यान तळावरच उभं आहे. इंजिन बंद आहे."

मल्हाररावांनी पडद्याकडं पाहिलं. खरंच की! गडबडीत इंजिन चालू करायचंच राहिलं होतं!

"व्हय का," ते म्हणाले. "मग उभ्या-उभ्याच अडकलं आसंल."

शालूनं नाक ओढलं. थंडीनं असेल.

"डोंगर उतरते, घरी जाते अन् तुम्हाला ओढायला येते," ती म्हणाली. "बराच वेळ लागेल. तोवर फोन ठेवू नका."

"नाय ठेवत," मल्हारराव म्हणाले. "मला कुठं जायचंय!"