कागदाची काठी

हिंदुराव हवालदार आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले ते वास्तुशांतीला. लोक येतात, घर बघतात, 'उजेड छान आहे' म्हणतात आणि पंगतीला बसतात. हिंदुरावांनी चपला काढल्या, सरळ झोपायच्या खोलीत गेले आणि गादी उचलली. मग चौकटीच्या वरून बोट फिरवलं, तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला, कॅलेंडरच्या मागं बघितलं आणि बाहेर येऊन भरल्या पंगतीत जाहीर केलं, "साफ हाय. फकस्त म्हाताऱ्याच्या उशीत तंबाखूची डबी हाय."

माझ्या वडिलांनी तंबाखू सोडल्याला तेव्हा वर्ष झालं होतं. निदान आमच्या घरात तशी समजूत होती. वडील पुढं महिनाभर हिंदुरावांशी बोलले नाहीत.

तासगावात आमच्या समोरच्याच घरात ते राहतात. नव्या माणसाशी ओळख करून देताना ते सांगतात, "एकोणतीस वर्षं जेलात काढली." मग थांबतात. समोरच्याचा चेहरा पडला, की पुढचं वाक्य येतं, "शिपाई म्हणून आत गेलो, हवालदार म्हणून सुटलो." तुरुंग कुठला ते मी सांगत नाही. मोठा होता, एवढं पुरे. निवृत्तीला ते 'सुटका'च म्हणतात आणि पेन्शनच्या कागदांना 'सुटकेचे कागद'.

झडती घेणं हे त्यांचं काम होतं, आणि ते काम त्यांच्या बोटांतून काही गेलं नाही. "आत काय हाय?" हा त्यांचा कायमचा प्रश्न. कलिंगड असो, कुणाची पिशवी असो, नवं दार असो, बोटाच्या पेरानं ठोकायचं, कान लावायचा आणि विचारायचं, "आत काय हाय?" स्वतःच्या मुलीच्या लग्नात हे गृहस्थ मांडवाच्या दारात अत्तरदाणी घेऊन उभे राहिले. एका हातानं अत्तर लावायचे, दुसऱ्या हातानं पाहुण्याची कंबर चाचपायचे. नवरदेवाच्या दोन मित्रांच्या पॅंटीतून बाटल्या निघाल्या. पाटणकडची माणसं, मानाची. वरबाप चिडून उठायला निघाला. तेव्हा काकी, म्हणजे हिंदुरावांच्या पत्नी, पुढं झाल्या आणि म्हणाल्या, "दाजी, ह्यांनी आमच्या लग्नात भटजीचीबी झडती घेतलीती. तुमी मनावर घिऊ नका." सगळे हसले आणि लग्न लागलं.

काकी होत्या तोवर हे सगळं हसण्यावारी जायचं.

चार वर्षांपूर्वी काकी गेल्या. हृदयाचं दुखणं होतं, गोळ्या चालू होत्या. सकाळ-संध्याकाळ हिंदुराव स्वतः गोळी हातावर ठेवायचे आणि पाण्याचा तांब्या द्यायचे. तिसऱ्या दिवशी अंथरूण आवरायला म्हणून त्यांनी काकींची गादी उचलली. खाली ब्लाउजच्या कापडाची एक पुरचुंडी निघाली. तिच्यात गोळ्या होत्या, दीड-दोन महिन्यांच्या तरी. त्या गोळ्यांनी मळमळतं, असं काकी एकदा म्हणाल्या होत्या. हिंदुरावांनी दटावलं होतं. पुन्हा त्या काही बोलल्या नव्हत्या.

हिंदुराव ती पुरचुंडी घेऊन आमच्या ओट्यावर येऊन बसले. पुरचुंडीची गाठ सोडली, पुन्हा बांधली. मग म्हणाले, "जगाच्या गाद्या उचलल्या मी. हीच तेवढी ऱ्हायली."

त्यानंतर त्यांनी कुणाच्या घरात हात घातलेला मी पाहिला नाही. दोनेक महिन्यांनी मात्र दुसरंच सुरू झालं. मी एसटीत आहे, स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसतो. एके दिवशी खिडकीत हिंदुराव. "विट्याच्या पुढं अमुक वाडीला गाडी किती वाजता?" पंधरा दिवसांनी पुन्हा, "कोयनेच्या अंगाला तमुक गावाला कसं जायचं?" जिथं त्यांचं सोयरं नाही की धायरं, अशी गावं. तिसऱ्या वेळी मी विचारलं, "काका, तिथं कोण आहे तुमचं?"

"घरी ये. दाखवतो."

घरी त्यांनी पलंगाखालून पत्र्याची ट्रंक ओढली. मी वाकून पाहिलं आणि आधी मला तो भंगाराचा माल वाटला. मग ते एकेक वस्तू काढून सतरंजीवर मांडू लागले. बिस्किटाच्या पुठ्ठ्यातून कापलेले पत्ते. लाल रंगाला टिंक्चर, काळ्याला तव्याची काजळी. चपातीच्या कणकेचे फासे, वाळून दगड झालेले. दोन ब्लेड आणि वायरीचा तुकडा बांधून केलेला पाणी तापवायचा हीटर. वेफरच्या पुडीचा चकचकीत भाग ताणून बसवलेला आरसा. तंबाखूचे सारखे वाटे करायला बाटलीच्या दोन झाकणांची तागडी, तिची दांडी म्हणजे टूथब्रश. प्रत्येक वस्तूला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली, 'बराक चार, बादलीच्या बुडाला', 'बराक दोन, पायजम्याच्या नाडीत', आणि खाली माणसाचं नाव.

"डोकं बघ, डोकं!" ते त्या तागडीला हलकेच झोका देत म्हणाले. "सुईला बंदी, दोऱ्याला बंदी, आरशाला बंदी. तरी करायचे. सापडलं की जाळायचा हुकूम. मी डब्यातनं, लांब असलं तर पँटच्या पायातनं, घरी आणायचो. आत माल नेणारे लय बघितले गड्या, बाहेर आणणारा मी एकलाच असंन."

"आणि आता?"

"आता ज्याचं त्याला. मला काय करायचंय?"

म्हणजे हा माणूस जप्त केलेल्या वस्तू घरपोच करत हिंडत होता. विट्याकडचा अनुभव त्यांनी सांगितला तेव्हा मी हसून हसून बेजार झालो. असाच दुसरा एक आरसा करणारा गडी आता लग्न करून चहाचा गाडा चालवत होता, आणि तुरुंगातली ती सहा वर्षं आपण दुबईला होतो असं त्यानं सासरी सांगितलेलं. गाड्यावर सासरे बसलेले. हिंदुरावांना पाहून त्याच्या हातातली गाळणी पडली. मग एकदम ओरडला, "आवं, ह्ये आमचं दुबईचं सायेब!" हिंदुराव दोन तास दुबईचे साहेब होऊन बसले. सासऱ्यांनी तिथल्या उन्हाचं विचारलं. "ऊन दिसायचंच न्हाई आमच्याकडं," हिंदुराव म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं.

कोयनेकडचं मात्र त्यांनी एका वाक्यात सांगितलं. असलेच पत्ते करणारा तिथला एक पोरगा सुटून आल्यावर वर्षातच वारला होता. बहिणीनं पत्ते बघितले, मोजून बावन्न आहेत का ते पाहिलं, आणि चुलीत घातले.

"तरीही नेऊन द्यायचं?" मी विचारलं.

"तिचं हाय. ती जाळंल न्हाईतर पुजंल."

ट्रंकेत सगळ्यांत खाली एक काठी आडवी होती. बाकी वस्तू त्यांनी मला हातात दिल्या. ही दिली नाही. स्वतःच मांडीवर घेऊन बसले. दिसायला लाकडी वाटावी अशी, वरून वाकडी मूठ. पण ती कागदाची होती. बराकीत येणारं वर्तमानपत्र, भाताच्या पेजेत भिजवून, एकावर एक घट्ट गुंडाळलेलं. चार-पाच महिने लागले असतील. पोटाशी धरून, घोंगड्याखाली वाळवलेली. मुठीला त्याच घोंगड्याचे धागे उसवून गुंडाळले होते.

ती आटपाडीकडच्या बिरा नावाच्या मेंढक्याची. मेंढरं रानात शिरली म्हणून भांडण झालं, बिरानं काठी हाणली, ती वर्मी बसली आणि समोरचा मेला. बिरा आत आला तेव्हाच पन्नाशी उलटलेली. पुढं गुडघे गेले. काठी मिळावी म्हणून अर्ज केला. काठीनंच माणूस मारलेल्याला काठी कशी द्यायची, म्हणून अर्ज नामंजूर. मग त्यानं ही केली. आणि एका झडतीत हिंदुरावांनी ती घोंगड्यातून ओढून काढली.

"आठव्या दिवशी न्हाणीत घसरला," हिंदुराव म्हणाले. "खुबा मोडला. उचलायला मीच व्हतो. कागदावानी हलका लागला." मग माझ्याकडं न बघता, "आटपाडीला माझ्यासंगं येशील का? ह्या एका ठिकाणी एकट्याला जमंना झालंय."

रविवारी आम्ही निघालो. काठी वर्तमानपत्रात गुंडाळून मी मांडीवर घेतली होती. द्राक्षबागा मागं पडल्या, मग हिरवं कमी कमी होत गेलं. सगळ्या वाटेत ते एकदाच बोलले. "मेला असंल तर बरं," म्हणाले, आणि लगेच स्वतःच्याच तोंडावर हात मारून घेतला.

बिरा मेला नव्हता. आटपाडीबाहेरच्या वस्तीवर पत्र्याचं घर होतं. दारात सून उभी. हिंदुरावांची उभं राहायची ढब पाहूनच तिनं पदर सावरला. "पोलिस हायसा न्हवं? आता काय ऱ्हायलंय त्यांच्यात न्यायला?"

"न्यायला न्हाई आलो, बाई. द्यायला आलोय."

आतल्या खोलीत अंधार होता. बाजेवर एक म्हातारा उताणा पडलेला, अंगावर उन्हाळ्यातही घोंगडं. खुब्यापासून खाली शरीर नसल्यासारखंच. त्यानं मान वळवली, डोळे बारीक केले आणि म्हणाला, "हवालदार? बराक तीनचं हवालदार न्हवं?"

"व्हय."

"म्हातारं झालासा की."

हिंदुरावांनी कागद सोडला आणि काठी त्याच्या हातांत दिली. काय बोलायचं ते त्यांनी ठरवून आणलं असणार, पण तोंडातून एवढंच आलं, "तुमची वस्तू. द्यायची ऱ्हायलीती."

बिरानं काठी दोन्ही हातांनी चाचपली. मुठीपासून टोकापर्यंत आणि परत. आम्ही उभेच. सून दारात. बाहेर कुठंतरी पंप चालू होता, तो बंद झाला.

"आवं सायेब," बिरा शेवटी म्हणाला, "ही चालायला न्हवतीच केली मी."

"मग?"

"तवा आमच्या बराकीत ते एक दांडगं व्हतं बघा, माझं जेवान वडून घ्यायचं. त्येच्या टाळक्यात घालायला केलीती. तुमी काढून न्हेली म्हनून ऱ्हायलं. न्हाईतर दुसरा खून झाला असता माझ्या हातनं. लय उपकार झालं तुमचं." आणि सुनेला म्हणाला, "च्या टाक गं. ह्या मानसानं वाचीवलं मला."

चहा आला. हिंदुरावांनी कप तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला. निघताना बिरानं हात जोडले. काठी त्याच्या अंगालगत होती.

परतीच्या गाडीत मला मोकळं वाटत होतं. मी म्हणालो, "बघा काका, उगाच एवढी वर्षं मनाला लावून घेतलंत. तुमची जप्ती बरोबरच होती."

हिंदुराव खिडकीबाहेर बघत होते. "खोटं बोलला म्हातारा."

"कशावरून?"

"काठीच्या बुडाला चपलेचं रबर हाय. घसरू नये म्हणून चिकटवलेलं. मारायच्या काठीला बुडाला रबर कोण लावतंय?"

मी ती काठी येताना दोन तास मांडीवर घेऊन बसलो होतो. मला ते दिसलं नव्हतं.

"त्या दिवशीबी दिसलंच व्हतं मला," ते म्हणाले. "रबर बघूनच घेतली मी. असली डोक्याची वस्तू माझ्या ट्रंकंत पायजे व्हती."

त्यानंतर विटा आलं, माणसं चढली-उतरली, मग तासगाव आलं.

पुढं काही महिने हिंदुराव खिडकीत आले नाहीत. मला वाटलं, संपलं. मग आटपाडी गाडीचा कंडक्टर एकदा सहज म्हणाला, "तुमचं ते हवालदार आमचं कायमचं गिऱ्हाईक हाय. दर गुरुवारी दुपारी जात्यात, रातच्या गाडीला परत." मी त्यांना विचारलं नाही. एका गुरुवारी रजा टाकली आणि मागच्या गाडीनं गेलो.

वस्तीवर पोचलो तेव्हा दिवस कलला होता. घरात बाज रिकामी होती. सुनेनं ओळखलं आणि न बोलता माळाकडं बोट केलं.

बांधाच्या कडेला हिंदुराव उभे होते, सदुसष्ट वर्षांचे, धोतराचा काचा मारलेले. त्यांच्या पाठुंगळीला बिरा होता. लहान पोर बसतं तसा, हात त्यांच्या गळ्यात, निर्जीव पाय त्यांच्या कोपरांत अडकवलेले. समोरच्या उतरणीवरून बिराच्या मुलाच्या मेंढरांचं पुढचं खांड धूळ उडवत घराकडं येत होतं. बिरा मान ताणून एकेक ओळखत होता. "ती कानाची काळी लंगडतीया. तिला काटा मोडलाय, सांगा पोराला. जरा वर धरा की हवालदार, मागचं दिसंना."

हिंदुरावांनी त्याला हिसका देऊन वर घेतलं. त्यांचा एक पाय मुरमात घसरला, तो त्यांनी पुन्हा रोवला. मी पुढं झालो, म्हणालो, "काका, ठेवा की खाली जरा. मी घेतो त्यांना."

त्यांनी माझ्याकडं वळून पाहिलं नाही. धुळीनं भरलेल्या वाटेवरच नजर लावून म्हणाले, "असूं दे. अजून मागचं खांड यायचंय."