पहिलीच्या कोऱ्या पाट्या

शिक्षकदिनाला सातवीच्या पोरींनी साड्या नेसून खालच्या वर्गांना शिकवायचं, आणि जिचा वर्ग सगळ्यात छान, तिने वर्षभर शाळेची घंटा वाजवायची, ही नावड्याच्या त्या मिशन शाळेची रीत. नमिताला ती घंटा हवी होती. इतकी हवी होती की प्रार्थना संपताच ती सगळ्यांसमोर बोलून बसली, "सिस्टर, मी एका तासात अख्ख्या पहिलीला 'कमळ' लिहायला शिकवीन!"

मुख्याध्यापिका सिस्टर फिलोमिना हसल्या. पहिलीला रोज शिकवणाऱ्या मालतीबाईही हसल्या, पण जरा वेगळंच.

"केतनला पन?" शायमाने कानात विचारलं. शायमा म्हणजे नमिताची जिवाभावाची मैत्रीण आणि आजची दुसरीची बाई.

"केतनला पण!"

केतनने शाळा सुरू झाल्यापासून पाटीवर एक अक्षर काढलं नव्हतं. पाटीचा उपयोग तो वारा घ्यायला करत असे.

आईची अबोली साडी सावरत नमिताने फळ्यावर भलंमोठं कमळ लिहिलं. बस्करांवर बसलेल्या पोरांनी मान खाली घातली आणि पेन्सिली कुरकुरायला लागल्या. तेवढ्यात दारात सातवीतली एकजण उगवली. "ए नमे, पिन हाय का गं? निऱ्या सुटल्या माझ्या!"

झालं! दारात बाई दिसली की उठायचं, पाटी छातीशी कवटाळायची आणि सुरात गायचं, हे पहिलीच्या अंगात मुरलेलं. आणि आज साडीतली प्रत्येकजण बाईच! अख्खा वर्ग उभा राहिला. "न-म-स्ते बा-ई, देव तुमचं भ-लं क-रो!"

पोरं खाली बसली तेव्हा पाट्या कोऱ्या होत्या. कमळं सगळ्यांच्या शर्टांवर पुसली गेली होती.

"पुन्हा लिहा," नमिता म्हणाली. पुन्हा लिहिलं. मग मालतीबाई विसरलेला चष्मा न्यायला आल्या. न-म-स्ते बा-ई! पुन्हा कोऱ्या. तिसऱ्यांदा कमळ जेमतेम 'म'पर्यंत आलं होतं, तर शायमाने डोकावून विचारलं, "काय गं, फुललं का कमळ?"

"तू जा गं बाई!" नमिता किंचाळली. पण वर्ग उभा राहिला होता आणि शायमाचं भलं चिंतत होता.

तास सरत आला. नमिताने पदर खोचला. "ऐका! आता कोणी पण येऊ दे, ढुंकून बघायचं नाही. मी सांगेन तेव्हाच उठायचं!"

"देव आला तर?" केतनने विचारलं.

"देवाला पण थांबायला सांग!"

वर्गात अशी शांतता पसरली की कळंबोलीकडे जाणारे ट्रक ऐकू यायला लागले. केतनची जीभ बाहेर आली होती आणि पेन्सिल खरंच चालत होती. 'ळ' जरा आडवा झोपला होता, पण होता! नमिताला त्याचा मुकाच घ्यावासा वाटला.

आणि वर्ग बघायला दारात सिस्टर आल्या. सोबत चर्चचे फादर.

कोणी उठलं नाही. नमिता स्वतः ताठ उभी राहिली. 'उठा' म्हणावं, तर कमळं गेली. न म्हणावं, तर घंटा गेली.

"मुलांनो?" सिस्टर म्हणाल्या.

केतनने मान वर न करता सांगितलं, "थांबा जरा. बाईंनी सांगितलंय, देव आला तरी उठाचं नाय."

फादरना खोकला आला. सिस्टर मात्र लालबुंद होऊन, एकही पाटी न बघता निघून गेल्या. संध्याकाळी घंटेचा मान शायमाला मिळाला. नमिता घरी जाऊन जेवली नाही. म्हणजे, भाकरी खाल्ली नाही. भात खाल्ला.

दुसऱ्या दिवशी मालतीबाई वर्गात शिरल्या. कोणी उठलं नाही. बाई खाकरल्या. बाई ओरडल्या. सिस्टर आल्या. पोरं आपली कमळं गिरवत बसली.

"बोलवा त्या नमिताला!"

गणवेशातली, दोन वेण्यांतली नमिता दारात आली आणि सगळा वर्ग उठायला लागला.

"थांबा, थांबा!" ती ओरडली. "पाटी आधी खाली ठेवा! आता उठा!"

"न-म-स्ते बा-ई, देव तुमचं भ-लं क-रो!"

पोरांच्या पायांशी ओळीने कमळं पडली होती. सिस्टर वाकल्या. एकेक पाटी बघत शेवटी केतनपाशी थांबल्या.

"मालतीबाई," त्या हळूच म्हणाल्या, "मी इतकी वर्षं या दारात येते आणि पाट्या कोऱ्या बघून तुम्हाला बोलते."

"मी सांगत होते ना, सिस्टर," मालतीबाई म्हणाल्या, "लिहितात हो पोरं!"

सिस्टर नमिताकडे वळल्या. "घंटा शायमाला दिली, ती काही परत घेता येणार नाही."

"हो, सिस्टर," नमिता खाली बघत म्हणाली.

घंटा वर्षभर शायमाकडेच राहिली. रोज सकाळी ती ऐटीत टोल द्यायची. पण पहिलीचा वर्ग त्यानंतरही जागचा हलत नसे. दारात सिस्टर ताटकळत उभ्या असायच्या, नमिता येईपर्यंत.