टेकडीवरचा चुगलखोर

माणूस ओळखण्यात आपला हात कोणी धरणार नाही, असं तोताराम महाजन स्वतःच सगळ्यांना सांगायचा. रावेरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी एका टेकडीवर बिनतारी संदेशांचं केंद्र होतं: एक मनोरा, एक यंत्रांची खोली, एक जनरेटर. तिथे तो चौदा वर्षं चौकीदार होता. एक आठवडा तोताराम, एक आठवडा जीवराम चौधरी. टेकडीवर काय चालतं याचा जळगावच्या कार्यालयाला इतक्या वर्षांत पत्ता लागला नव्हता, कारण चालत काहीच नव्हतं. दुपारी दार सताड उघडायचं आणि यंत्रांच्या गार खोलीत ताणून द्यायची, एवढाच कारभार.

त्यात जीवरामचा शालिग्राम वरणगावच्या कारखान्यात लागला आणि त्याच्यासाठी तोतारामच्या मंजुळेला मागणी आली. येत्या शुक्रवारी साखरपुडा ठरला. एकाच खाटेवर पाळीपाळीने झोपलेली दोन माणसं आता व्याही होणार म्हणून गाव खूश होतं.

महिन्याभरापूर्वी जळगावहून लीलाधर साहेब आले होते. त्यांनी भिंतीवर करड्या रंगाची एक लोखंडी पेटी ठोकली. तिची एक वायर दाराला गेली, एक पंख्याला, एक जनरेटरला आणि एक छताला चिकटवलेल्या पांढऱ्या बशीला. "आता इथलं सगळं आम्हाला जळगावात बसून कळेल," साहेब म्हणाले. तोतारामने मान डोलावली आणि मनात हसला. पेटीला ना डोळे, ना तोंड. ती काय कळवणार, कपाळ!

दुसऱ्याच दिवशी जळगावहून साहेबांचा फोन आला. "तोताराम, दार तासाभरापासून उघडं का आहे?"

तोताराम खाटेवरून खालीच आला. त्याने दार लावलं. मग पंख्याच्या घरघरीने झोप येईना म्हणून पंखा बंद केला, तर पुन्हा फोन. "पंखा चालू करा. यंत्रं तापतात."

त्याने खाटेखाली पाहिलं, मनोऱ्यामागे पाहिलं. कोणी नव्हतं. खाली पायथ्याला मात्र जीवराम म्हशी चारत उभा होता, आणि त्याचं तोंड नेमकं टेकडीकडे होतं. दुपारच्या झोपेचं गुपित जगात दोघांनाच ठाऊक. एक झोपलेला होता. मग उरला कोण?

त्या दिवसापासून तोतारामला जीवरामचं सगळंच खटकू लागलं. "काय म्हणतं केंद्र?" असं जीवरामने विचारलं तर तो खबर काढतोय. नव्या चपला घातल्या तर ते चुगलीचं बक्षीस. जीवरामही हल्ली तुटक बोलायचा, नजर चुकवायचा. चोराच्या मनात चांदणं, तोतारामने ठरवून टाकलं.

मग एका सकाळी वीज असताना जनरेटर आपोआप धडधडायला लागला. तोताराम काठी घेऊन खोलीभोवती तीन फेऱ्या मारून आला. "जीवराम, बाहेर नीघ," तो ओरडत होता. डबा घेऊन आलेली त्याची बायको सुमनबाई हे बघत उभी राहिली.

"अहो, जीवरामभाऊंचे गुडघे ओटा चढू देत नाहीत. पाळीलाही ते टेकडी कशीबशी चढतात, पाळी नसताना कशाला चढतील?"

"मग हे कोणी चालू केलं?"

"मले काय माहीत? पण शुक्रवार तोंडावर आहे. जरा जिभेला आवरा."

तोताराम कसला आवरतो! त्याने सापळा लावला. बुधवारी केंद्रावर भरीत करायचं, आणि ते एकट्या जीवरामच्या कानात सांगायचं. जळगावला कळलं तर चुगलखोर कोण, हे उघड.

"बुधवारी वर भरीत करून राह्यलो. कोणाले सांगू नको," तो म्हणाला.

"मी कायले सांगू?" जीवराम म्हणाला आणि त्याच्याकडे विचित्र नजरेने बघत निघून गेला.

बुधवारी वारा होता, म्हणून तोतारामने आडोशाला, यंत्रखोलीच्या दारातच कपाशीच्या काड्या पेटवल्या आणि त्यांच्यावर हिरवी वांगी टाकली. धूर आत भरला. वांग्याची एक बाजू भाजून होते न होते तोच फोन आला. "तोताराम, धूर कसला? बाहेर पळा. बंब निघालाय."

बंबाचं तोतारामच्या कानात शिरलंच नाही. पुरावा सापडला होता. अर्धं भाजलेलं वांगं हातात घेऊन तो तडक जीवरामच्या ओट्यावर उभा राहिला.

"शुक्रवारचं रद्द समज. चुगलखोराच्या घरात मी पोरगी देत नाही."

जीवरामची बायको सुगंधाबाई साखरपुड्याच्या पापडांना तेल लावत होती, तिचा हात थांबला. जीवराम काही बोलणार, एवढ्यात घंटा वाजवत रावेरचा बंब टेकडीकडे गेला आणि त्याच्यामागे सगळं गाव. हे तिघंही निघाले. जीवराम गुडघे धरत सगळ्यांच्या मागून चढला.

बंबवाल्यांनी भरपूर पाणी मारून उरलेली वांगी विझवली. दीड तासाने जळगावहून लीलाधर साहेबांची जीप आली. तोतारामने सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "साहेब, तुम्हाला खबर देतो तो हा."

साहेबांनी दार उघडलं, जळगावला फोन लावला आणि रिसीव्हर तोतारामच्या कानाला धरला. पलीकडून आवाज आला, "दार उघडं." दार लावलं. "दार बंद." साहेबांनी फोनवरच जळगावला जनरेटर चालू करायला सांगितलं, आणि कोणी हात न लावता जनरेटर धडधडला. गाव चार पावलं मागे सरलं. "ही बशी धूर ओळखते," साहेब छताकडे बोट दाखवत म्हणाले.

तोतारामचं तोंड त्याच्या वांग्याहून काळं पडलं. त्याला मंजुळा आठवली, ओट्यावरचे पापड आठवले. तो जीवरामपुढे जाऊन खाली मान घालून उभा राहिला.

"चुकलो, भाऊ. महिनाभर तुह्यावर संशय घेतला. पोरीचं मोडू नको."

"मी कुठं मोडलं?" जीवराम गुडघा चोळत म्हणाला. "माह्या पाळीलेही साहेबाचे फोन येत होते. मले तर पहिल्या दिवसापासून खात्री होती, की चुगली तूच करून राह्यला. घरात तसं बोललोही. पण सुगंधा म्हणे, बाप चुगलखोर असला म्हणून काय झालं, पोरगी गुणाची आहे."