पदवीधर झालेली कात

एका जंगलात एक विद्यापीठ होतं. हसू नका रे, बाळांनो. जिथे चार झाडं आणि एक समिती असते तिथे विद्यापीठ होतंच.

तिथे साळिंदर सर पूरविद्या शिकवायचे. म्हणजे पाणी कधी चढतं, कुठून घुसतं, अंडी कधी हलवायची, असला विषय. सर रोज सकाळी नावं पुकारायचे आणि मुलं "हजर" म्हणायची. अडचण एवढीच, की एक पोपट अकरा जणांच्या आवाजात "हजर" म्हणायचा आणि बाकीचे दहा नदीवर डुंबत असायचे.

कुलगुरू गेंडेसाहेबांच्या कानावर हे गेलं. त्यांनी हजेरीचं यंत्र मागवलं. दाराशी यंत्र, त्याला अंग घासायचं. कातडी ओळखीची निघाली की यंत्र "टुंग" करणार आणि हजेरी लागणार.

"पण साहेब, कोणाची कातडी बदलली तर?" साळिंदर सरांनी विचारलं.

"कातडी बदलते?" गेंडेसाहेब खो खो हसले. "माझी जन्मापासून हीच आहे. या विद्यापीठात तीस वर्षं काढली, सर. साधा ओरखडा नाही."

टाळ्या झाल्या, नारळ फुटला, यंत्र बसलं.

आता आपली सुळकी. सुळकी धामण ओढ्याकाठच्या वारुळातली. दरवर्षी ओढ्याला पूर यायचा आणि अंडी वाहून जायची. सुळकीची सात भावंडं अशीच गेली, जन्मायच्या आधीच. म्हणून तर ती पूरविद्या शिकायला निघाली. तेव्हा वारुळातल्या म्हाताऱ्या फुत्कारल्या, "मोठी आली शहाणी! आधी पदवीचा कागद आण, मग आम्हाला सांग अंडी कुठे ठेवायची ते."

सुळकी पहिल्या बाकावर बसायची. एक तास बुडवला नाही पोरीने. पण ती शिकत होती तशी वाढतही होती, आणि वाढत्या सापाचं जे होतं तेच श्रावणात झालं. तिने कात टाकली.

दुसऱ्या दिवशी तिने नवी कोरी कातडी यंत्राला घासली. टुंग नाही न् फुंग नाही. पुन्हा घासली. यंत्र ढिम्म!

ती कचेरीत गेली. तिथे खेकडेभाऊ कारकून होते.

"भाऊ, मी सुळकी. माझी हजेरी लागत नाही हो."

खेकडेभाऊ आडवे चालत कपाटापर्यंत गेले आणि आडवेच परत आले. "सुळकीच्या नावावर वेगळी कातडी दिसतेय."

"ती माझी जुनी कात. बाहेर करवंदीच्या जाळीत अडकलीय."

"मग घेऊन या की."

सुळकीने कात आणली. यंत्राला लावली. टुंग!

"ही बघा सुळकी!" खेकडेभाऊ खूश झाले. "बरं, तुम्ही कोण?"

"अहो, मीच सुळकी!"

"दोन सुळक्या सिस्टीम घेत नाही, ताई."

"मग माझी नवी कातडी नोंदवा ना."

"नोंदवतो ना. नोंदणी ज्येष्ठात असते. पुढच्या ज्येष्ठात या."

"परीक्षा तर आश्विनात आहे!"

"मग चिंता कसली?" खेकडेभाऊ मायेने म्हणाले. "कात बसेल की परीक्षेला."

तर बाळांनो, कात पहिल्या बाकावर बसली आणि सुळकी खिडकीखालच्या दगडात. साळिंदर सरांचे काटे उभे राहिले. ते तडक कुलगुरूंकडे गेले. कुलगुरू म्हणाले, "यंत्र खोटं बोलत नाही, सर." सर परत आले. त्या दिवसापासून ते जरा मोठ्याने शिकवू लागले, खिडकीकडे तोंड करून.

आणि परीक्षा आली तेव्हा त्यांनी ती तोंडी ठेवली. परीक्षेला गेंडेसाहेब जातीने हजर होते. सरांनी कातीला प्रश्न विचारले. खिडकीखालून सगळी उत्तरं आली, एकूण एक बरोबर. आवाज कुठून येतोय हे बघायचं यंत्र विद्यापीठाने अजून घेतलं नव्हतं.

कात पहिली आली. गेंडेसाहेबांनी तिला हार घातला. "अशी विद्यार्थिनी होणे नाही. चुळबूळ नाही, शंका नाही, एक उलट प्रश्न नाही!"

सुळकी कात घेऊन घरी गेली. म्हाताऱ्यांनी कात आणि पदवीचा कागद वारुळाच्या भिंतीला टांगले.

आषाढ आला. मुंग्या अंडी तोंडात धरून झाडावर चढू लागल्या. ओढ्याचं पाणी गढूळलं. सुळकी ओरडली, "आज पाणी चढणार! अंडी टेकडीवर हलवा!"

"तू कोण सांगणारी?" म्हाताऱ्या भिंतीवरच्या कातीकडे बघत म्हणाल्या. "कागद हिचा आहे. बघ, पदवीधर बाई किती शांत आहेत."

खालच्या बिळात पाणी शिरलं. सुळकीने विनवण्या केल्या, मग शिव्या घातल्या. एकही म्हातारी हलेना. सुळकीला तिची सात भावंडं आठवली आणि रडू फुटलं.

मग तिने डोळे पुसले आणि मागच्या बाजूने भिंतीवर चढली. त्या जुन्या, अरुंद कातीत ती शेपटीकडून कशीबशी शिरली. अंग सोलवटून निघालं. श्वास मावेना. पण तिने कातीच्या तोंडाशी तोंड आणलं आणि बोलली, "अंडी हलवा."

"अगंबाई! बाई बोलल्या!"

अशी धावपळ उडाली म्हणता! त्रेपन्न अंडी टेकडीवर गेली. सगळ्यांत शेवटी सुळकी कातीतून सुटली आणि अंधारात ती कात टेकडीवरच्या झुडपाला अडकवून आली. मागून पाणी आलं आणि रिकामं वारूळ धुऊन गेलं. एक अंडं गेलं नाही हो, एकसुद्धा.

सकाळी म्हाताऱ्या कातीच्या पाया पडायला आल्या. पाय नव्हते, म्हणून शेपटीला नमस्कार केला. तेवढ्यात सुळकी आली, अंगभर ओरखडे घेऊन.

"आलात का?" सगळ्यांत थोरली म्हातारी म्हणाली. "अख्ख्या वारुळाने काल अंडी हलवली. एक तूच तेवढी गैरहजर!"

तात्पर्य: विद्यार्थ्याने शिकता शिकता वाढू नये, हजेरी बुडते. वाढल्यावाचून राहवतच नसेल, तर जुनी कात नीट घडी करून जपावी. पुढे आयुष्यभर तिच्यातूनच बोलायचं असतं.