जांभळ्या रेघेचे डॉक्टर

राहुरीत कुणाच्या कानापासून कपाळापर्यंत जांभळी रेघ दिसली, की तो आमच्या शेजारच्या शमुवेल डॉक्टरांकडे जाऊन आला हे सांगावं लागत नसे. दुखणं पोटाचं असो नाहीतर गुडघ्याचं, डॉक्टर आधी कानापुढे बोट टेकवणार, तिथे उडणारी शीर शोधणार आणि ओली झाली की जांभळी उमटणारी कॉपिंग पेन्सिल जिभेला लावून त्या शिरेचा नकाशा काढणार. मग खूश होऊन ओरडणार, "वाहतोय! पाट वाहतोय!" रेघ आठवडाभर जात नसे. वाण्याच्या दामूला हळदीच्या दिवशी ताप भरला आणि बिचारा जांभळ्या कपाळाने बोहल्यावर चढला. मुंडावळ्यांनी थोडंफार झाकलं.

डॉक्टरांचे वडील प्रवरेच्या कालव्यावर शेतांना पाणी सोडणारे पाटकरी होते. त्यामुळे मुंबईला शिकूनही यांना माणूस म्हणजे ओलिताखालचं रानच वाटे. मला, शाळेतल्या मास्तराला, ते ऐकवत, "मास्तर, जखमेवर कातडं कुठलंबी लावा, पर आदी पानी बगा. पानी तुटलं की पीक काळं पडलं!"

"डॉक्टर, मला खोकला झालाय हो."

"हुईल बरा. तुमचा पाट लई झ्याक हाय."

स्वतः डॉक्टरांचे कान असे, की वाऱ्याच्या दिवशी त्यांनी सायकल चालवू नये. सुपांसारखे दोन्हीकडे उभे. लग्न केलं नव्हतं. "कान बगून पोरगी पळती," म्हणत आणि स्वतःच मोठ्याने हसत.

हे शिरांचं वेड लागलं सुवार्तेमुळे. मिशनच्या बोर्डिंगात वाढणारी ही अनाथ पोर त्यांना मामा म्हणे. जन्मतःच डाव्या कानाच्या जागी शेंगदाण्याएवढा गोळा. बुद्धीने तल्लख, नजरेने अधू. एका कानावर चष्मा कसा टिकणार? दोऱ्याने वेणीला बांधलेला चष्मा घसरे आणि वर्ग हसे. शेवटी तिने चष्माच सोडला आणि माझ्या वर्गात फळा न दिसता बसू लागली.

"हिला कान पायजे," डॉक्टर म्हणाले, बियाणं पाहिजे म्हणावं तसं. आणि नव्या कानाला रक्त पाजणारी शीर कुठून जाते हे शिकायला ते दिसेल त्याचं कानशील चाचपू लागले.

दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईमुळे पुण्यात जखमी शिपायांची नाकं-कान दुरुस्त करणारा एक लष्करी सर्जन आला होता. डॉक्टर त्याला भेटून आले. माझ्या ओट्यावर त्यांचा चहा निवून गेला.

"कानाच्या आत कूर्चा, म्हंजी मऊ हाड, घालावी लागती. आईच्या कानातली काडत्यात म्हनं."

"मग?"

"मग काय, मास्तर? आई कुठनं आनू?"

दिवाळीनंतर मात्र सुवार्तेच्या कानशिलावर जांभळी रेघ काढून ते तिला पुण्याला घेऊन गेले. "कान वाकडा तिथं पाटबी वाकडा जातो. साहेबानं बगूनच चाकू घालावा." तिच्यावर दोनदा शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर जाऊन-येऊन असत. थंडीत चढवलेली त्यांची कानटोपी ऐन चैत्रातही उतरेना. आम्ही यथेच्छ टिंगल केली. "कानात वारं गेलंय," म्हणत ते घाम पुसत राहिले.

सुवार्ता परत आली आणि पट्टी सोडायच्या दिवशी आम्ही सगळे दवाखान्यात जमलो. कान काही देखणा नव्हता, वाकडा भाजलेला पापडच तो. पण गुलाबी होता, जिवंत होता. डॉक्टरांनी बोट टेकवलं आणि कौलं हलतील असे ओरडले, "वाहतोय!" आनंदाच्या भरात कानटोपी भिरकावून दिली.

त्यांचा उजवा कान सुपासारखा उभा होता. डावा डोक्याला चिकटला होता, आणि मागे व्रण.



"काय बगता?" डॉक्टर खेकसले. "वरच्या रानात पानी जादा हुतं, खाली सोडलं."

सुवार्ता उठली. दोन्ही कानांवर चष्मा नीट बसवला आणि त्यांच्या त्या चपट्या कानापुढे बोट टेकवून उभी राहिली. साऱ्या गावाची शीर बघणाऱ्या या माणसाची शीर आजवर कुणीच बघितली नव्हती, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

"वाहतोय, मामा," ती म्हणाली. "लई जोरात वाहतोय."

डॉक्टरांनी काहीतरी करायचं म्हणून पेन्सिल जिभेकडे नेली, पण ती टेकली गालावर. गाल आधीच ओला होता. तिथे उमटलेली जांभळी रेघ आठवडाभर गेली नाही.